एका पानाची सूचना

मुनिरकातल्या आमच्या गल्लीत भर दुपारीसुद्धा ट्यूबलाइट लावावी लागायची. वरचे मजले दोन्हीकडून पुढे आलेले, मधून वायरींचे झुपके लोंबत. तिथल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर माझी खोली होती आणि तळमजल्यावर चाचांचा कारखाना. उदगीरहून मी दिल्लीला आले ती स्पर्धा परीक्षा द्यायला. सगळे प्रयत्न संपले तेव्हा मी घरी सांगून टाकलं की नोकरी लागलीय. लागली नव्हती. दोन महिने मी नोकरीवर जायच्या वेळी खोलीतून निघायचे आणि मेट्रोत बसून परत यायचे.

एकदा जिन्यात आईशी फोनवर बोलत होते. खाली कारखान्याच्या दारात एक वयस्क गृहस्थ उभे होते, हात कोपरापर्यंत पांढऱ्या प्लास्टरने माखलेले. फोन ठेवल्यावर म्हणाले, "लातूरकडची का तू? मी मिरजेचा."

तेच हे चाचा. ते आणि चाची तीस वर्षांपूर्वी मिरजेहून दिल्लीत आले होते. चाचा पायांत ताकद नसलेल्या मुलांसाठी कॅलिपर बनवायचे. म्हणजे लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि बकलं यांचा एक सांगाडा असतो, तो पायाला बांधला की मूल उभं राहू शकतं. एका मोठ्या सरकारी रुग्णालयाचं हे काम बरीच वर्षं त्यांच्याकडे होतं. आठवड्यातून दोन दिवस ते तिथे बसायचे, मुलांच्या पायांचे साचे घ्यायचे आणि मग मुनिरकात येऊन एकेक जोड हाताने घडवायचे. हाताखाली दोन कारागीर होते, तेही जुने.

पूर्वी रुग्णालय दरवर्षी एका कागदावर सही घेऊन मुदत वाढवून द्यायचं. मग सगळं पोर्टलवर गेलं. टेंडर भरायचं, कागद स्कॅन करायचे, डिजिटल सही करायची. चाचांना यातलं काही जमत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "तू एवढी पुस्तकं वाचलीस, आमचे एवढे कागद वाचशील का?"

मी हो म्हणाले. प्रशासन हाच तर माझा विषय होता. निविदा प्रक्रियेतली पारदर्शकता या विषयावर मी उत्तरं लिहून गुण मिळवले होते.

टेंडर मी भरलं आणि चांगलं भरलं. शिफारशी, अनुभवाचे दाखले, कारखान्याचे फोटो, एकही कागद मागे राहिला नाही. एका शुक्रवारी दुपारी पोर्टलवर निकाल आला. काम दुसऱ्याच कंपनीला गेलं होतं. तिचं नाव आम्ही कधी ऐकलं नव्हतं. या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात, आणि चाचांनाही ते ठाऊक नव्हतं.

"कोण आहेत हे?" त्यांनी विचारलं.

कंपनीचे कागद पोर्टलवर बघता येत होते. टेंडरमध्ये तिने नोएडातला एक पत्ता दिला होता. तिथे स्वतःचं वर्कशॉप आहे, असं लिहिलं होतं. वर्कशॉप असणं ही अट होती, कारण प्रत्येक मुलाचं माप वेगळं असतं. शनिवारी आम्ही दोघं मेट्रोने तिथे गेलो. त्या पत्त्यावर बाथरूमच्या टाइल्सचं गोडाऊन होतं. चाचा आत गेले, टाइल्स बघायला आल्यासारखं दाखवत चौकशी केली. तिथल्या माणसाने सांगितलं की गोडाऊन सुरुवातीपासून त्यांचंच आहे, दुसरं कोणी इथे कधीच नव्हतं. मी फोटो काढले. बाहेर आल्यावर चाचा फुटपाथवर क्षणभर थांबले.

"म्हणजे हे खोटं आहे," ते म्हणाले. त्यांना राग नव्हता आला. नुसतं नवल वाटलं होतं.

"खोटं आहे आणि आपण ते दाखवून द्यायचं," मी म्हणाले. इतका उत्साह मला कित्येक वर्षांत वाटला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच, वाचलेलं सगळं कशाच्या तरी उपयोगी पडणार होतं.

टेंडरच्या अटी फाइलमध्ये शंभरावर पानांत पसरलेल्या होत्या. आक्षेप कसा घ्यायचा ते एकतिसाव्या कलमात होतं. मी ते मेट्रोत फोनवर वाचलं. निकालापासून दहा दिवसांच्या आत पुराव्यांसह सविस्तर आक्षेप दाखल करावा, असं त्यात म्हटलं होतं. ते पान मी कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणलं आणि खोलीतल्या भिंतीवर चिकटवलं. दहा या आकड्याभोवती लाल गोल केला.

त्या दिवसांत मी जशी राबले तशी परीक्षेसाठीसुद्धा राबले नव्हते. कंपनीच्या नोंदणीचे कागद मिळवले, टाइल्सवाल्याकडून लेखी घेतलं. कंपनीने जोडलेल्या अनुभवाच्या दाखल्यावर एका संस्थेचा शिक्का होता. त्या संस्थेला पत्र लिहून विचारलं, आणि त्यांचं उत्तर आलं की असा दाखला आम्ही दिलेलाच नाही. ते उत्तर आलं तेव्हा मी जिना दोन दोन पायऱ्या उतरत खाली धावले. चाचा ऐरणीवर पट्टी वाकवत होते. चाचीने लगेच शिरा केला.

दहाव्या दिवशी आम्ही जाडजूड फाइल घेऊन रुग्णालयाच्या खरेदी कार्यालयात गेलो. डाक काउंटरवरच्या बाईने शिक्का मारला, डायरी नंबर घातला आणि पोच दिली. परत येताना मेट्रोत चाचांनी ती पोच दोनदा खिशातून काढून बघितली.

"आता बघतील ना ते?" त्यांनी विचारलं.

"बघावंच लागेल, चाचा. पुरावा आहे."

तीन आठवड्यांनी ईमेल आला, एका परिच्छेदाचा. कलम ३१ (१) प्रमाणे आक्षेप घेण्याच्या इराद्याची लेखी पूर्वसूचना निकालापासून पाच दिवसांत मिळाली नाही आणि तिची प्रत यशस्वी निविदाकारालाही दिली गेली नाही, म्हणून आपला आक्षेप विचारार्थ घेता येत नाही.

मी भिंतीकडे बघितलं. तिथल्या पानावर सगळ्यात वर ३१ (२) होतं. ३१ (१) आधीच्या पानाच्या तळाशी होतं. ते पान मी छापलंच नव्हतं.

टेंडरच्या अटींची फाइल उघडून वाचलं. साध्या तीन ओळी होत्या. आक्षेप घ्यायचा असेल तर पाच दिवसांत एका पानाचं पत्र द्या, की आम्ही आक्षेप घेणार आहोत. कारणं नकोत, पुरावे नकोत. एक प्रत अधिकाऱ्याला, एक जिंकलेल्या कंपनीला, आणि दोन्हींची पोच. हे लिहायला मला दहा मिनिटं लागली असती. पाचव्या दिवशी मी टाइल्सच्या गोडाऊनचे फोटो नीट क्रमाने लावत बसले होते.

खाली गेले तेव्हा एका मुलीचा साचा घेणं चाललं होतं. दहाएक वर्षांची मुलगी होती, तिची आई शेजारी स्टुलावर बसलेली. रुग्णालयाचं काम गेलं तरी जुने पेशंट मुनिरकात येतच होते. चाचा पायाला ओली पट्टी गुंडाळत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांनी हात थांबवला नाही. प्लास्टर सुकायच्या आत गुळगुळीत करावं लागतं.

"एक पान?" त्यांनी विचारलं.

"एक पान."

"आता दिलं तर?"

"आता नाही चालत."

ते बराच वेळ अंगठ्याने मुलीच्या घोट्याभोवतीचं प्लास्टर दाबत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पुरावा वाचलाच नाही त्यांनी?"

"नाही."

"टाइल्सचे फोटोसुद्धा नाही?"

मी मान हलवली. ती आई माझ्याकडे आणि त्यांच्याकडे बघत होती. मराठी तिला कळत नव्हतं, पण काहीतरी बिघडलंय एवढं कळलं असावं. तिने मुलीचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच कार्यालयात गेले. चाचांना नेलं नाही, कारण तिथे काय ऐकावं लागेल ते मला ठाऊक होतं. फाइल ज्यांच्याकडे होती ते अधिकारी निवृत्तीला आलेले, मवाळ स्वभावाचे होते. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला. माझी फाइल त्यांच्या टेबलावरच होती. तिची दोरी मी बांधली होती तशीच होती.

"मॅडम, फाइल तो आपने बहुत अच्छी बनाई है," ते म्हणाले.

"आपने पढी?"

"नहीं. वजन देखकर कह रहा हूँ."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण त्यांचा चेहरा खरंच वाईट वाटल्यासारखा होता. मी म्हणाले, आता वाचा ना, अर्धा तास लागेल, मी बाहेर थांबते. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "पढूँगा तो मुझसे पूछा जाएगा कि किस नियम से पढी. दूसरी पार्टी कोर्ट जाएगी, और जीत जाएगी."

"सर, उनका वर्कशॉप है ही नहीं. वहाँ टाइल्स बिकती हैं."

"हो सकता है."

"फिर?"

मग त्यांनी मला तो नियम समजावून सांगितला. कुणी आक्षेप घेणार आहे असं पाच दिवसांत कळलं, तर कार्यालय वर्क ऑर्डर रोखून धरतं. कळलं नाही, तर सहाव्या दिवशी ऑर्डर निघते. तशीच ती निघाली होती. मी नोएडाचे फोटो लावत बसले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ऑर्डर निघून गेली होती. दहाव्या दिवशी आम्ही पोच घेतली आणि मेट्रोत हसत बसलो, त्याआधीच सगळं संपलेलं होतं.

"आपका वो एक कागज आ जाता, तो मैं रोक देता," ते म्हणाले. "सच कह रहा हूँ, मैं रोक देता."

ते असं म्हणाले नसते तर बरं झालं असतं.

त्या रविवारी मी सरोजिनी नगरला माझ्या जुन्या मैत्रिणीकडे गेले. मुनिरकात आम्ही तीन वर्षं एका खोलीत राहिलो होतो. तिची निवड झाली, माझी नाही. आता ती एका मंत्रालयात होती आणि तिला सरोजिनी नगरच्या नव्या सरकारी इमारतींत घर मिळालं होतं. निवडीनंतर मी तिला फारशी भेटत नसे. तिने दार उघडलं आणि एकदम गळ्यात पडली. पोहे केले. मी सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"तू कुणाशी तरी बोल ना," मी म्हणाले. "फक्त फाइल उघडून बघायला सांग. बाकी काही नको."

तिने प्लेट खाली ठेवली. "यार, मी बोलले तर तो दबाव होतो. लेखी आलं तर मलाच विचारतील."

"खोटा दाखला आहे गं त्यांचा."

"असेल. पण नोटीस नाही दिलीस ना." प्लेट पुन्हा उचलत ती म्हणाली, "तुला आठवतं? नैसर्गिक न्याय मला समजतच नव्हता. तूच समजावलं होतंस. नोटीस म्हणजे फॉर्मॅलिटी नाही, तो समोरच्याचा हक्क आहे, त्याला न कळवता त्याच्याविरुद्ध काही करता येत नाही. मी पेपरमध्ये तेच लिहिलं, अगदी तुझ्या शब्दांत."

तिने हे मला टोचायला म्हटलं नव्हतं. तिला खरोखर आठवलं होतं. मी पोहे संपवले. निघताना तिने मला बाजारातून घेतलेला एक नवा कुर्ता दिला, आणि मी तो घेतला.

शेवटी एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, हायकोर्टात जाता येईल, पण पहिला प्रश्न हाच येईल की तुम्हाला दिलेला मार्ग तुम्ही का वापरला नाही. शिवाय पुरवठा सुरू झालाय. मुलांचं काम थांबवा असं कुठलं कोर्ट म्हणेल?

चाचांना हे सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "नको मग. आपल्यासाठी पोरांना थांबवायचं का?"

नव्या कंपनीचे कॅलिपर रुग्णालयात खोक्यांतून आले. लहान, मध्यम आणि मोठा असे तीन आकार. साचा घेणं बंद झालं. डॉक्टरांपैकी एकाने तक्रार केली म्हणे, पण ती कुठे गेली ते कुणाला कळलं नाही. साच्याच्या वेळी आलेली ती मुलगी महिनाभराने पुन्हा आली. चाचांनी घेतलेला साचा तसाच फळीवर होता. रुग्णालयातून फुकट मिळतंय तर तेच घ्यावं, असं तिच्या वडिलांना वाटलं होतं. गुडघ्याखाली पट्टी घासून जखम झाली होती आणि ती पिकली होती.

चाचांनी त्या कॅलिपरची पट्टी वाकवून दिली, आतून मऊ चामडं लावलं, बकल सरकवलं. मुलगी उभी राहिली, गल्लीत चार पावलं चालली. आई रडली. मला वाटलं, चला, एवढं तरी झालं.

पंधरा दिवसांत आई परत आली. पट्टीचा स्क्रू निघाला होता. ती तो बदलायला रुग्णालयात गेली, तेव्हा कंपनीच्या माणसाने चामडं पाहिलं आणि बाहेर कुणीतरी हात लावलाय असं लिहून दिलं. आता ते ना दुरुस्त करून देणार, ना बदलून. पुढच्या वर्षी मुलीची पात्रता पुन्हा तपासली जाणार होती, तोवर काही नाही.

"हमने तो अच्छे के लिए करवाया था," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात.

चाचांनी फळीवरचा साचा काढला आणि उरलेल्या सामानातून तिच्यासाठी नवा जोड केला. त्याला चार दिवस लागले. कारागिरांपैकी एक तोवर सोडून गेला होता आणि ई-रिक्षा चालवत होता. दुसरा येत होता, पण त्याला करायला काही नव्हतं. जोड पायात घालून मुलगी उभी राहिली तेव्हा चाचा खाली बसून प्रत्येक बकल तपासत होते.

"एक साल चलेगा," ते आईला म्हणाले. "बच्ची बढ रही है."

"फिर?" तिने विचारलं.

चाचांनी एक पट्टा सोडून पुन्हा लावला. ते बकलच बघत राहिले.

थंडी संपता संपता त्यांनी कारखाना बंद केला. ऐरण, शिवणाचं मशीन, ओव्हन हे सगळं नांगलोईचा एक माणूस टेम्पोतून घेऊन गेला. चाचीने घरातल्या भांड्यांपैकी निम्मी शेजाऱ्यांना वाटली. मिरजेत चाचांच्या भावाचं घर होतं, तिथे एक खोली मिळणार होती. "तिकडे काय कराल?" असं विचारायचं मी टाळलं.

निजामुद्दीन स्टेशनवर मी त्यांना सोडायला गेले. दुपारची गाडी होती. चाची डब्यात सामान लावत होती आणि आम्ही दोघं प्लॅटफॉर्मवर उभे होतो. इतके महिने चाचा मला एका शब्दानेही बोलले नव्हते. उलट चाचीने एकदा विषय काढला तर त्यांनी तिला गप्प केलं होतं. मला ते सहन होत नव्हतं.

"चाचा, हे माझ्यामुळे झालं," मी म्हणाले.

मला वाटलं, ते नाही म्हणतील. सगळेच नाही म्हणतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फार मायेने पाहिलं, आणि म्हणाले, "तू तेवढं एक पान वाचायला पाहिजे होतंस, बेटा."

मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि डब्यात चढले.

आता मी नेहरू प्लेसमधल्या एका ऑफिसात काम करते. टेंडर भरणाऱ्या छोट्या कंपन्यांचे कागद आम्ही बघतो. निकाल लागला की तासाभरात माझी पूर्वसूचना जाते. एक प्रत अधिकाऱ्याला, एक जिंकलेल्या कंपनीला, दोन्हींची पोच फाइलला. ऑफिसात नवीन येणाऱ्यांना मी हेच पहिलं शिकवते. आजवर माझी एकही सूचना उशिरा गेलेली नाही.

आक्षेप मात्र मान्य झालेला मला आठवत नाही. सूचना वेळेत असेल तर शपथपत्र चुकीच्या नमुन्यात असतं, नमुना बरोबर असेल तर सही करणाऱ्याला अधिकार नसतो. सगळंच बरोबर असेल तर फाइल वाचली जाते आणि महिनाभराने उत्तर येतं की मुद्द्यांत तथ्य आढळलं नाही. कशात आढळलं नाही, ते लिहायचं बंधन त्यांच्यावर नाही.

परवा फरीदाबादहून एक बाई आल्या. त्या सरकारी शाळांना बाकं पुरवतात. त्यांचं टेंडर गेलं होतं आणि मी त्यांच्यासमोर सूचनेचा कागद ठेवला. त्यांनी पेन हातात घेतलं, मग थांबल्या.

"इससे कुछ होगा?" त्यांनी विचारलं.

"नहीं," मी म्हणाले. "पर पाँच दिन में देना पडता है."

त्यांनी सही केली. मी दुसरी प्रत पुढे सरकवली आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.